राऊटरचा न विझलेला दिवा

"राऊटर हे यंत्र आहे, आणि यंत्र नियम सोडून वागत नाही," सरांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केले. "आज घरातलं नेट असं लावून देतो की पुन्हा तक्रारीला जागा उरणार नाही."

"मिक्सरच्या वेळीही हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली. "तेव्हापासून तो फक्त झाकण उडवतो."

सरांनी हयातभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले होते, त्यामुळे पुराव्यावाचून केलेल्या आरोपांकडे ते लक्ष देत नसत. मिक्सरबाबत पुरावा होता, म्हणून त्यांनी विषय बदलला.

खरे कारण वेगळे होते. लेकीची आज दुपारी घरबसल्या मुलाखत होती. मागच्या मुलाखतीत ऐन उत्तराच्या वेळी तिचा चेहरा पडद्यावर अर्धवट तोंड उघडून थिजला होता आणि नोकरी हुकली होती. त्यानंतर ती आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कमी बोलली. ते सरांना लागून राहिले होते.

"बाबा, आज नको ना," लेक म्हणाली.

"एका वेळी एकच बदल करणार आहे. बिघडायला वावच नाही."

लेकीने आईकडे पाहिले, आईने छताकडे. थोड्या वेळाने लेक "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडली. सरांनी तोवर चष्मा पुसून लॅपटॉप उघडला होता.

राऊटरच्या पानाने पासवर्ड मागितला. कारखान्यातून येतो तोच सरांनी टाकून पाहिला आणि पान उघडले.

"बघ, इतकी वर्षं आपण दार सताड उघडं टाकून झोपत होतो."

जोडलेल्या यंत्रांत लेकीचा लॅपटॉप दिसला. सरांनी त्याला घरच्या नेटवर्कमध्ये कायमचा पत्ता देऊन टाकला. पण खाली दोन अनोळखी फोनही होते.

"चोर!" सर म्हणाले. "आपलं नेट फुकट वापरतायत. म्हणूनच पोरीचं चित्र थिजत होतं."

त्यांनी दोन्ही फोन हद्दपार केले, राऊटरला नवा पत्ता दिला आणि तो बंद करून पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबले.

कोपऱ्यातल्या राऊटरचा दिवा विझायला हवा होता. तो विझला नाही, लुकलुकलासुद्धा नाही. निरीक्षण सिद्धांताशी जुळत नव्हते, म्हणून सरांनी निरीक्षण बाजूला ठेवले. याच गुन्ह्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतून कितीतरी विद्यार्थ्यांना बाहेर काढले होते.

"दिवा बिघडलाय बहुतेक," ते म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर धावती पावले वाजली. दारात लेक उभी राहिली. हातात उघडा लॅपटॉप होता आणि अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं नेट गेलं! माझी मुलाखत अर्ध्यावर तुटली!"

"तू वर होतीस?"

"तुम्ही राऊटर उघडणार म्हटल्यावर आणखी कुठे जाणार?"

लेकीने घाईने घरचेच नेट जोडले आणि खोलीचे दार लावून घेतले. सरांनी आपला लॅपटॉप नीट न्याहाळला. तो ज्या वायफायला जोडलेला होता, त्याचे नाव दातांच्या डॉक्टर असलेल्या त्याच डॉक्टरीणबाईंचे होते.

"मागे आपलं नेट गेलं होतं ना," बायको हळूच म्हणाली, "तेव्हा माझी मालिका बुडू नये म्हणून मीच तुमचा लॅपटॉप त्यांच्या नेटला जोडला होता. मला वाटलं, तुम्ही आधी बघाल."

सर दाराबाहेर उभे राहिले. आत लेक शांतपणे सांगत होती, "माफ करा, मध्येच संपर्क तुटला. घरी मला याची सवय आहे." पलीकडे कोणीतरी हसले. मुलाखत पुढे सरकली आणि शेवटपर्यंत कुठेही अडखळली नाही.

मग सर वर गेले. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा राऊटर पूर्ववत केला आणि त्यांचे दोन्ही फोन सन्मानाने परत नेटवर घेतले.

"सर, राग मानू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आम्ही दात उपटण्याआधी तोंड कोणाचं आहे ते बघतो."

संध्याकाळी नोकरी मिळाल्याचा फोन आला. लेकीने बाबांना मिठी मारली, तेव्हा सरांना जरा धीर आला.

"एक मात्र मान्य करा," ते म्हणाले. "आज आपलं नेट एकदाही तुटलं नाही."

"कसं तुटेल?" बायको म्हणाली. "तुम्ही त्याला हात कुठे लावलात?"