दिगूभाऊंच्या हेलिकॉप्टरचं शेपूट

दिगूभाऊ कुणाच्याही घरी गेले तरी लगेच आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबतात, सदऱ्याच्या खिशातून लांब नाकाची तेलाची कुप्पी काढतात, दाराच्या बिजागरीत दोन थेंब सोडतात, दार तीनदा उघडून-मिटून बघतात आणि मग चपला काढतात. माझे सासरे गेले तेव्हा ते भेटायला आले, तेव्हाही हा नेम मोडला नाही. आम्ही सगळे आत माना खाली घालून बसलेलो आणि बाहेर यांची दाराची उघडझाप चाललेली. मग येऊन बसले आणि माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "फाटकाचंही बघून ठेवलंय." एवढंच त्यांचं सांत्वन.

परिणाम असा, की आमच्या आळीत एकाही घराचं दार वाजत नाही. शेजारीण स्वयंपाकघरात येऊन पाठीमागे उभी राहिली तरी पत्ता लागत नाही. माझ्या हातून आजवर दोनदा दूध सांडलंय, आणि दोन्ही वेळा मी मनातल्या मनात दिगूभाऊंचा उद्धार केलाय.

चाळीस वर्षं त्यांनी रत्नागिरीत शिलाई मशिनं दुरुस्त केली. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं निदान एकच, "कोरडं चाललंय." पंखा कुरकुरला, कोरडं चाललंय. शेजारच्या नवराबायकोचं भांडण ऐकू आलं, कोरडं चाललंय. मी शाळेत शिकवते. एका संमेलनात माझं भाषण चालू असताना पहिल्या रांगेत बसून, मान हलवत, ते हेच पुटपुटले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुकान बंद केल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नातवंडं सांभाळतात. दिगूभाऊंना नातवंडं नाहीत, लग्नच केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण आक्का, दोघंच. तर यांनी हेलिकॉप्टर करायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे हो. खऱ्या हेलिकॉप्टरची हुबेहूब नक्कल, पांढरं-निळं, दोन हात लांब. दारं उघडतात, आतल्या खुर्च्यांना आक्काने शिवलेल्या खोळी आहेत. पत्र्यावरचे खिळे खऱ्यासारखे दिसावेत म्हणून डिंकाचा एकेक थेंब सुईने ठेवत दोन पावसाळे घालवले. हातातल्या रिमोटवर ते उडतं.

मी एकदा म्हटलं, "दिगूभाऊ, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्रोन घ्या की."

"ड्रोन आपला आपणच उडतो, वहिनी. मग मी काय करू?"

खटाटोप कशासाठी ते आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ही भावंडं मूळची खाडीपलीकडच्या हेदवी गावची. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा आक्का सतरा वर्षांची होती आणि दिगूभाऊ चार. तिने भावाला काखेत मारलं आणि रत्नागिरीला मामाकडे आली. त्या प्रवासात तिला गाडी लागली. लागली म्हणजे अशी, की उतरल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. त्यानंतर ती कुठल्याही वाहनात बसलेली नाही. लोकांचे कपडे शिवून भावाला वाढवलं, पण हेदवीला पुन्हा जाणं झालं नाही. चिपळूण, लांजा ही नावं तिने फक्त ऐकलेली. रिक्षा नुसती दारात उभी राहिली तरी पदर नाकाला लावते.

आता चुलतभावाने हेदवीची जागा विकली होती. शिमगा झाला की तिथे जेसीबी लागणार होता. त्याआधी हेलिकॉप्टरच्या नाकात छोटा कॅमेरा बसवून दिगूभाऊंना ती जागा आक्काला टीव्हीवर दाखवायची होती.

घोडं पेंड खात होतं ते शेपटीपाशी. मला यातलं जे कळलं ते सांगते. हेलिकॉप्टरचा वरचा मोठा पंखा एका बाजूला फिरला, की खालचं धूड उलट्या बाजूला फिरू बघतं. त्याला धरून ठेवायला शेपटीवर लहान पंखा असतो. तो पंखा फिरवायला यांनी शेपटीच्या नळीतून दातेरी पट्टा नेला होता. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तो पट्टा सैल पडायचा, एखादा दात निसटायचा, आणि हेलिकॉप्टर नाक मुरडल्यासारखं झटकन बाजूला वळायचं.

गावाबाहेरच्या कातळावर घेतलेलं पहिलं चित्रण त्यांनी आक्काला दाखवलं. दुसऱ्याच मिनिटाला आक्काने तोंडावर पदर धरला आणि न्हाणीघराकडे धावली. घरातल्या घरात, खुर्चीवर बसून, तिला गाडी लागली.

मग दोन महिने पट्टा घट्ट करणं चाललं होतं. मी म्हणायची, पट्ट्याऐवजी दुसरं काही लावा. पण पट्ट्याविरुद्ध दिगूभाऊ एक शब्द ऐकून घेत नसत. आयुष्यभर मशिनांच्या पट्ट्यांवर पोट भरलेलं. शेवटी एका सकाळी फार पडलेल्या चेहऱ्याने आले, बिजागरीला तेल द्यायलाही विसरले, आणि म्हणाले, "पट्टा काढला, वहिनी. दांडा घालतोय."

म्हणजे नळीतून पोलादाचा बारीक दांडा, त्याला बेअरिंगं, आणि दोन्ही टोकांना दातेरी चाकं. निसटायला काही नाहीच. मुंबईहून सामान मागवलं, आठ दिवस खपून बसवलं, आणि एका रविवारी अंगणात चाचणी घेतली. आक्का ओटीवर मशीनशी बसलेली, मी कठड्याला टेकून.

हेलिकॉप्टर उठलंच नाही. जागच्या जागी भिंगरीसारखं फिरलं, फिरत फिरत अंगण ओलांडून आमच्या कुंपणात आलं, दोरीवरची माझी नवी सोलापुरी चादर अंगाभोवती गुंडाळून घेतलीन आणि थांबलं. चादर गेली. वरच्या पंख्याचं एक पातं गेलं. शिमगा दहा दिवसांवर आला होता. दिगूभाऊ पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "आता नाही व्हायचं." चादरीबद्दल बोलायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

चार दिवस त्यांनी तारा तपासल्या, बॅटरी तपासली, रिमोट उघडला. पाचव्या दिवशी वरची पाती काढून शेपटीचा पंखा नुसता हळूहळू फिरवून बघत होते. आक्का बाही शिवता शिवता वर न बघता म्हणाली, "उलटा फिरतोय."

"छे!"

"छे काय? तीन वर्षं बघत्ये मी. पट्टा होता तेव्हा पातं खालून वर यायचं. आता वरून खाली जातंय. डोळे फुटले काय रे तुझे, मेल्या?"

दिगूभाऊंनी शेपूट उघडलं. टोकाचं चाक दांड्याच्या डावीकडे बसायला हवं होतं. यांनी ते उजवीकडे बसवलं होतं. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक शिलाई मशीनला चाक उजवीकडेच होतं. त्यांच्या हाताने डोक्याला न विचारता ते तिथेच घातलं.

"अगो, उजवीकडे बसवलंन हो याने," आक्का मला म्हणाली आणि इतकी हसली की सुई बोटात गेली. चाक डावीकडे न्यायला दहा मिनिटं लागली, वर नवं पातं चढवायला आणखी दहा. त्या संध्याकाळी कातळावर हेलिकॉप्टर हवेत उभं राहिलं ते जागच्या जागी, नाक समुद्राकडे करून, जराही न डुलता. मी म्हटलं, जाऊ दे ती चादर.

हेदवीला त्यांच्याबरोबर मला जावं लागलं, कारण आक्काचा हुकूम होता, "तू जा गो. एकटा गेला तर जेवायचा नाही." एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ते टपावर टाका." दिगूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानेच उठून जागा करून दिली. जयगडपर्यंत ते शेपूट माझ्या मांडीवर होतं. फेरीबोटीत चढल्यावर यांची नजर बोटीत गाड्या चढवायच्या फळीच्या साखळ्यांवर गेली आणि हात खिशात गेला. मी मनगट धरलं. "खाडीतून पोहत जायचंय का आपल्याला?" म्हटल्यावर कुप्पी आत गेली.

जागेत घर नव्हतंच. चिऱ्यांचा चौथरा, विहीर, एक फणस, आणि शेजारून खाली उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी. जेसीबी मात्र आधीच येऊन उभा होता. चालक भला माणूस. "आटपा काका, मालक यायच्या आत," म्हणाला आणि विडी ओढत सावलीला बसला.

बॅटरी सात मिनिटांची. हेलिकॉप्टर वर गेलं आणि मी शेपटीकडे बघत राहिले. ती हलली नाही. पण दिगूभाऊंचं उडवणं मला कळेना. सरळ एक फेरी मारून सगळं दाखवावं, की नाही? ते पाखाडीच्या तोंडाशी गेलं आणि माणसाच्या चालीने, माणसाच्या उंचीने, एकेक पायरी वर आलं. चौथऱ्याशी थांबलं. मागे गेलं. विहिरीच्या एका फुटक्या चिऱ्यासमोर तर हलेचना.

"दिगूभाऊ, बॅटरी!" मी ओरडले. उतरवलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का टीव्हीसमोर बसली ती प्रवासाला निघाल्यासारखी. ठेवणीतलं पातळ, हातात लिंबू, पायाशी बादली. दिगूभाऊ खुर्चीमागे उभे राहिले. मी दाराशी.

पाखाडी दिसली. आक्काने लिंबू नाकाशी नेलं. चित्र एकेक पायरी वर चढू लागलं, शांतपणे. चौथरा आला.

"थांब जरा," आक्का चित्राला म्हणाली. चित्र थांबलं.

"मागल्या दारी घे." चित्र वळलं आणि चौथऱ्याच्या मागे गेलं.

"फणसाला टेकून दगड होता बघ, आई तिथे बसायची." चित्र फणसाच्या बुंध्याशी खाली उतरलं. दगड होता.

मी दिगूभाऊंकडे बघितलं. चित्रण तर कालचं. त्यांच्या हातात रिमोट नव्हता, हात खुर्चीच्या पाठीवर होते.

"आता विहीर," आक्का म्हणेपर्यंत विहीर येऊ लागली होती. "तो फुटका चिरा. तिथे कळशी ठेवत्ये मी." फुटका चिरा समोर आला आणि तिथेच राहिला. आक्काला जितका वेळ बघायचं होतं तितका वेळ.

चार वर्षांच्या मुलाला यातलं काय आठवणार? दिगूभाऊंना त्या जागेतलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. साठ वर्षं मशीनवर बसून आक्काने जे सांगितलं होतं, जसं सांगितलं होतं, पहिलं काय आणि मग काय, तसं ते उडाले होते. बॅटरी, बॅटरी म्हणून ओरडल्याची लाज वाटली.

चित्र हलकेच अंगणात टेकलं. आक्काने हातातल्या लिंबाकडे बघितलं, जणू ते कुणी दिलं हेच तिला कळेना.

"दिगू," ती म्हणाली, "मला गाडी लागली नाही रे."

"नाही ना?" दिगूभाऊ म्हणाले. "मग बस अशीच. आणखी एकदा जाऊन येऊ."