फळी न लावल्याचा पुरावा

पहार ही स्वभावाने निष्पाप वस्तू आहे, आणि हे कायद्यालाही मान्य आहे. पहार, ड्रिल, बॅटरी आणि हातमोजे एकाच पिशवीत सापडले, तरी तेवढ्यावरून कोणी चोर ठरत नाही. घरफोडीचा इरादा होता हे सिद्ध करावं लागतं. इरादा मात्र पिशवीत सापडत नाही (पोलिसांनी पिशवी उलटी करून झटकली होती).

हे उदात्त तत्त्व चष्मेवाल्याला पोलीस चौकीच्या बाकावर बसून कळलं. भर दुपारी तो ही पिशवी घेऊन सराफाच्या बंद दाराला नाक लावून उभा सापडला होता. तो दारावरची ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी वाचत होता, आणि गावाला चष्मे विकणारा हा माणूस स्वतःचा चष्मा घरी विसरला होता.

“हे सामान कशाला?” फौजदारांनी विचारलं.

“स्वयंपाकघरात फळी लावायचीय. ड्रिलचं बिट बदलून आणायला निघालो होतो.”

“सामान घेतलं कधी?”

“सहा वर्षं झाली असतील.”

सहा वर्षांत एक फळी लागत नाही, हे फौजदारांना काही केल्या पटेना. (ते अविवाहित होते.) त्यांनी खटला भरला. दोषी ठरला तर तीन वर्षं आत.

चष्मेवाल्याच्या वकीलबाई मात्र खूश झाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याचा कुठलाच इरादा आजवर तडीस गेला नाही, त्याचा घरफोडीचा तरी कसा जाईल? त्यांनी चष्मेवाल्याच्या बायकोला साक्षीला उभं केलं. बायकोने गळक्या नळापासून सुरुवात केली, अर्धवट रंगवलेल्या दारावरून व्यायामाच्या सायकलवर आली, आणि जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती अजून लग्नाच्या दुसऱ्या वर्षातच होती. न्यायाधीशांनी दोनदा सहानुभूतीने मान हलवली. चष्मेवाल्याला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही.

शेवटी न्यायाधीशांनी जागेची पाहणी करायचं ठरवलं. वकीलबाईंनी चष्मेवाल्याला बजावलं, “तोवर फळीला हात लावायचा नाही. फळी भिंतीवर गेली की तुम्ही आत गेलात.” इतका सोपा कायदेशीर सल्ला त्याला जन्मात कोणी दिला नव्हता. त्याने तो तंतोतंत पाळला.

पाहणीला सगळे स्वयंपाकघरात शिरले. फळी भिंतीवर होती. सरळ, पक्की, वर डबे मांडलेले.

“मी नाही लावली, साहेब,” चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

“त्यांनी कसली लावायची? मी लावली,” बायको म्हणाली. “साहेब घरी येणार, डबे काय जमिनीवर ठेवायचे? शेजारच्या भाऊजींचं ड्रिल आणलं. त्यांनी अजून खोक्यातून काढलंच नव्हतं.”

ही फळीसुद्धा त्याच्या हातून लागली नव्हती, तेव्हा चष्मेवाला जागच्या जागी निर्दोष सुटला. फौजदारांचं लक्ष आता बायकोकडे गेलं. हाताशी ड्रिल, भिंतीत चार भोकं, आणि मनात आलेली गोष्ट दुपारच्या आत पूर्ण. इराद्याचा इतका धडधडीत पुरावा त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. ते तिला घेऊन निघाले.

“घाबरू नकोस, जामिनाचं मी बघतो,” चष्मेवाला म्हणाला.

बायकोने वकीलबाईंचा हात धरला. “बाई, तुम्हीच बघा.”

तुमच्याही पलंगाखाली ड्रिल असेलच. घाबरायचं कारण नाही. फळी अजून दारामागे उभी असेल, तर कुठलंही न्यायालय तुम्हाला हात लावणार नाही. भिंतीवर दिसली, तर ती कोणी लावली ते घरात विचारा, आणि त्या माणसाशी जरा जपून वागा.