निकाली काढलेली कुंडी

त्या कारकुनाची ऑफिसात ख्याती अशी, की महिनाभर जी फाईल हलत नाही ती मेली असं समजून तो निकाली काढतो. ही सवय त्याने ऑफिसातच ठेवली असती, तर घरची शोभा टळली असती.

बायको महिनाभराच्या ट्रेनिंगला निघाली, तेव्हा गॅलरीतल्या कुंडीबद्दल तिने पाच मिनिटं समजावलं. आत तिच्या वडिलांनी डोंगरावरून आणलेला रानलिलीचा कंद होता. सहा वर्षं नुसती पानं, फूल नाही. पेपरातून डोकं न काढता तो 'हं, हं' म्हणत राहिला. (त्याच्या मते संसार याच शब्दावर टिकतो.)

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, मग वाळून मातीवर लोळली. आपण पाणी घालायला विसरलो म्हणूनच हे झालं, असं त्याने धरलं. चूक कबूल करायची सोडून त्याने कुंडी फाटकाबाहेर कचऱ्याच्या ढिगाशेजारी रिकामी केली आणि दुकानातून कळी धरलेली लिली आणून लावली.

बायको परतली ती फूल बघून रडलीच. हा फुलण्याचा हंगाम नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही. तिने लगेच वडिलांना बोलावलं. सासरे दोन गाड्या बदलून आले आणि फुलासमोर खुर्ची टाकून बसले. मग वाकून त्यांनी देठ न्याहाळला.

"फूल छान आहे, जावईबापू," शेवटी ते हळूच म्हणाले. "देठाला दुकानाची चिठ्ठी तेवढी राहिलीय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. कंद मेला म्हणून फेकला, हे त्याने मान खाली घालून सांगितलं.

"मेला नव्हता, झोपला होता," बायको म्हणाली. "पानं वाळली की हात लावू नका, एवढंच तर सांगत होते."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तो ऑफिसच्या पँटीतच ढिगावर गुडघे टेकून बसला. तासाभराने एक कंद हाताला लागला. तो त्याने धुऊन कुंडीत लावला आणि रोज सकाळी कुंडीची माफी मागू लागला (मनातल्या मनात, शेजारी बघत असत). कोंब फुटून हिरवीगार पात वर आली, तेव्हा त्याने स्वतः फोन करून सासऱ्यांना बोलावलं.

सासऱ्यांनी पात खुडली, चुरगळली, वास घेतला आणि मुलीच्या हातात दिली.

"कांदा," ती म्हणाली.

पुढच्या हंगामात रानलिली फुलली. फाटकाबाहेर, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, कुणीही न विचारता. बायको वडिलांना घेऊन बघायला निघाली. तोही चप्पल शोधू लागला.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "तिथे ती सुखात आहे."