पुरुष एकेरीतले तिघे

मंगळवार पेठेतल्या आमच्या टेनिस मंडळाची पुरुष एकेरीची स्पर्धा दरवर्षी नियमानुसार होते, आणि नियमानुसारच ती वकील गुरुप्रसाद, डॉक्टर बाळासो किंवा बांधकामवाले आदर्श यांच्यापैकी एक जण जिंकतो. बाकीचे सभासद स्पर्धेत भाग घेतात. टीव्हीवरच्या मोठमोठ्या स्पर्धांतही दोन-तीन माणसंच आळीपाळीनं चषक उचलतात. सबब आपलं मंडळ जागतिक दर्जाचं आहे, असं चिटणीस बंडूदादांनी वार्षिक सभेत ठणकावून सांगितलं होतं आणि सभेनं ते टाळ्यांच्या गजरात मंजूर केलं होतं.

जयसिंगपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवणारे काशिफसर हे अशा भाग घेणाऱ्यांपैकी एक. शाळा सुटली की एसटी पकडून यायचे, खेळायचे आणि स्पर्धा आली की पहिल्याच फेरीत हरायचे. यंदा मात्र संस्थेनं त्यांची बदली शाहूवाडीला केली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं आणि तिथं टेनिसचं कोर्ट असण्याची शक्यता त्यांनी विज्ञानाच्या आधारे फेटाळली होती. म्हणजे ही शेवटचीच संधी. ते बंडूदादांकडे गेले.

"दादा, दरवर्षी पहिल्या फेरीत माझ्यासमोर या तिघांपैकीच एक जण कसा येतो?"

"मानांकन न्हाई की तुमास्नी."

"ते कसं मिळतं?"

"उपांत्य फेरी गाठली की मिळतं."

"आणि उपांत्य फेरी कशी गाठायची?"

"मानांकन असलं की लई सोपं जातंय बगा," बंडूदादा मनापासून म्हणाले. सभासदाला मार्गदर्शन करणं हे ते आपलं कर्तव्य समजत.

मानांकनाचे इतर फायदेही होतेच. संध्याकाळचं मुख्य कोर्ट तिघांना, कारण त्यांना सरावाची गरज जास्त. नवे चेंडू तिघांना, कारण ते जोरात मारतात. बाकीच्यांना रविवारी दुपारचं ऊन आणि लव झडून लिंबासारखे झालेले चेंडू. काशिफसर त्या उन्हात खेळले. असला चेंडू कुठं उसळेल याचा काही नेम नसे, म्हणून प्रत्येक चेंडूपर्यंत धावायची त्यांना सवय लागली. याला मंडळाची प्रशिक्षण योजना म्हणता येईल, पण तशी ती नव्हती.

इकडे मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर जनमत तापलं होतं. डेअरीवाले जोतीराम तिथले प्रमुख विचारवंत. "किती वर्सं तीच तोंडं बगायची? नवा गडी पायजे!" ते गरजले, आणि आम्ही सगळ्यांनी "पायजे, पायजे" म्हणत कप खाली ठेवले.

जनमताचा आदर करून कार्यकारिणीनं नियम बदलला. तिघांना यापुढं थेट उपांत्य फेरीत प्रवेश! म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्या संपूर्णपणे नव्यांसाठी मोकळ्या. उपांत्य फेरीत जागा चार. तिघांच्या वगळून उरलेली एक जागा उर्वरित मानवजातीला देण्यात आली.

ती काशिफसरांनी मिळवली. मग त्यांनी डॉक्टरांना हरवलं. डॉक्टरांनी हात मिळवून "सर, भारी खेळलासा" म्हटलं आणि घोळ तिथंच सुरू झाला, कारण अंतिम सामन्याचे फलक चौकाचौकांत आधीच लागले होते आणि त्यांवर तिघांचेच चेहरे होते.

"लोक म्हणतील, ह्यो कोण?" बंडूदादा हळहळले.

"मला हरवलंय त्यानं," डॉक्टर म्हणाले.

"ते झालं तुमचं खाजगी, डॉक्टर. फलकाचं काय?"

अंतिम सामन्याला सगळी पेठ लोटली. समोर वकीलसाहेब. काशिफसरांच्या पत्नी तहरीम पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या आणि जागा मिळाली ती नेमकी जोतीरामांच्या शेजारी. काशिफसर धावत होते. स्पर्धेत नवे चेंडू फक्त अंतिम सामन्याला निघत, त्यामुळं त्यांना ते आज पहिल्यांदा मिळाले होते, आणि ते सरळ येतात याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. पहिला सेट त्यांनी घेतला. दुसरा त्यांच्याकडे झुकायला लागला, तसे जोतीराम उठून ओरडले, "वकीलसाहेब, सोडू नका मास्तरला!"

"अहो, तुम्हालाच नवा गडी हवा होता ना?" तहरीमनी विचारलं.

"व्हय की, वैनी. पर त्यो जिकावा असं कुठं म्हणालतो?"

काशिफसरांनी दुसरा सेटही जिंकला. मंडळाचे सामने तीनच सेटचे, म्हणजे सामना संपला होता. दोन्ही हात वर करणार, एवढ्यात पंचांच्या खुर्चीतून बंडूदादांचा आवाज आला, "मोठ्या स्पर्धांत पुरुष पाच सेट खेळत्यात. सबब सामना चालू हाय!"

काशिफसरांनी वर निघालेले हात रुमालानं घाम पुसायला वापरले आणि ते सर्व्हिसला गेले. वकीलसाहेब मात्र कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. "बंडू, पाच सेट कुणासाठी? हितंच आडवा हुईन मी!" पण नियम झाला होता. तिसऱ्या सेटमध्ये ते उभे होते, एवढंच. शेवटचा फटका त्यांनी जाळ्यात मारला आणि मोठ्या सुटकेनं हसले.

टाळ्या तीन ठिकाणी वाजल्या. तहरीम, डॉक्टर आणि स्वतः वकीलसाहेब.

बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचं भाषण वकीलसाहेबांवर लिहून आणलेलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून कार्यकारिणीनं उभ्या उभ्या ठराव केला आणि तिन्ही ज्येष्ठ खेळाडूंना 'आजीव विजेता' घोषित केलं. हे पद त्या वर्षीच्या विजेत्याहून वरचं असल्यानं तिघांना फेटे आधी बांधले. काशिफसरांच्या वेळेला फेटे संपले होते. चषक होता, तो त्यांना मिळाला.

मग सगळी गर्दी तिघांभोवती जमली. काशिफसर चषक कडेवर घेऊन उभे होते. तहरीम म्हणाल्या, "चला, साडेसातची एसटी जाईल." तेवढ्यात जोतीराम घाईनं आले आणि त्यांनी सरांच्या हातात मोबाईल दिला.

"सर, तिघांसंगं आमच्या समद्यांचा एक फोटो काढता?"

सरांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला. एका हातानं नीट जमेना.

"तेवढा चषक बाजूला ठेवा की," जोतीराम म्हणाले. "आडवा येतोय."

सरांनी तो पायाशी ठेवला, मागं सरकले आणि "हसा" म्हणाले.

फोटो सुरेख आलाय. आपण सगळे आहोत त्यात.