सुखदेवभाऊंची दोन टमरेलं

सुखदेवभाऊ भगतांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून संडासाच्या कोऱ्या करकरीत भांड्यात मातीचे गोळे सोडत होते. भांडं चार विटांवर, खाली घमेलं. एक गोळा सोडायचा, टमरेलभर पाणी ओतायचं आणि मान वाकडी करून खाली पाहायचं. मी इंझोरीच्या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो आणि शेजारची खोली भाड्याने घेतली होती. शेजार कसा आहे ते मला सामान उतरवायच्या आतच कळलं.

"जयभीम गुरुजी, या. तुमी शिकले-सवरले मानूस. हा गोळा मानसाच्या बरोबरीचा धराव का नाई?"

"काळी माती आहे. चिकटणारच," मी म्हणालो.

"थेच तं! गोळा चुकला का भांडं चुकलं, हेच समजून नाई राह्यलं."

सुखदेवभाऊ एसटीत कंडक्टर. गाडीत त्यांच्याइतका झटपट माणूस शोधून सापडणार नाही. भांडणारे प्रवासी असोत नाहीतर कोंबड्यांची पाटी, दोन शब्दांत निकाल आणि टण् टण्, डबल बेल, गाडी सुटलीच. पण खाकी कपडे खुंटीला लागले की हाच माणूस ढेपाळायचा. कुठलंही घरचं काम अर्ध्यावर आलं की हात वर करून म्हणायचे, "थांबा. सिंगल." सिंगल म्हणजे गाडी थांबवायची एक घंटी. एकदा त्यांनी न्हाव्याला अर्ध्या मिशीवर सिंगल दिली. ठेवावी की काढावी, हा विचार चार दिवस चालला. ते चार दिवस कारंजा-मानोरा गाडीत अर्ध्या मिशीचा कंडक्टर तिकिटं फाडत होता.

भांड्याचं तसंच झालं. ग्रामसेवकाने सांगितलं होतं की जुन्या संडासाला बादलीभर पाणी लागतं, या नव्या उताराच्या भांड्याला दोन टमरेलं पुरतात. दुष्काळ नुकताच सरला होता, पिण्याची विहीर मैलभर लांब. पाणी वाचतं म्हटल्यावर भाऊंनी भांडं अकोल्याहून गाडीच्या टपावर टाकून आणलं. दारात उतरवलं आणि सिंगल. मी आलो तेव्हा त्या सिंगलला आठ महिने झाले होते आणि भांड्यावर एक तांबडी कोंबडी हक्काने बसत होती.

रोज संध्याकाळी मला बोलावणं यायचं. भाऊ फायदे-तोटे सीटांवर बसवायचे. "फायदे खिडकीकून. पावसापान्यात गोदरीत जा लागत नाई, हा एक. इचू-सापाचं भेव नाई, हा दुसरा. आमच्या मंडळीचे, पंचफुलेचे, गुडघे दुखतेत, तिले दूर चालनं होत नाई, हा तिसरा. आता दाराकून तोटे. लोकं हासतीन."

"मी नाही हसणार."

"मंग थो उतरवा."

एक तोटा उतरायचा, पुढच्या थांब्यावर दुसरा चढायचा. वास येईल. भांडं फुटेल. पाहुणे मुक्काम वाढवतील. तासाभरात माझंही डोकं गरगरायला लागायचं. एका संध्याकाळी तर मला भलतंच सुचलं. बादलीवाला संडास गावात आहेच कुणाकडे? सगळे टमरेल घेऊन गोदरीत, गावाबाहेर उघड्यावर, जातात, तिथे एकच टमरेल लागतं.

"भाऊ, मग यात पाणी वाचतं की दुप्पट लागतं?"

भाऊंनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, इतके महिने मी याच थांब्यावर उभा हाय!" मग हळूच म्हणाले, "आन् एक पॅसिंजर अजून उभाच हाय. त्याले सीट सापडून नाई राह्यली."

"कोण तो?"

"हाय एक," म्हणाले आणि उगाच कोंबडीला हाकलायला उठले.

पंचफुलावहिनी या चर्चेत कधी पडल्या नाहीत. डोक्यावर पाण्याचे गुंड, पितळी घागरी, एकावर एक घेऊन लंगडत यायच्या, रांजणात पाणी ओतून म्हणायच्या, "बसवा नाई तं त्यात कांदे लावा. मले कोनी इचारलं?"

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली. एका दुपारी मी मानोऱ्याहून पायी परतत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विहिरीच्या वाटेवर मात्र खाकीतला एक माणूस डोक्यावर पितळी गुंड घेऊन, दोन्ही हातांनी तो धरून, पावलं मोजत येत होता. आमच्याकडे पुरुष डोक्यावर पाणी आणत नसत. कुणी पाहिलं असतं तर गावाने वर्षभर पुरवून पुरवून चेष्टा केली असती. मला बघून भाऊंनी गुंड खाली ठेवला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं.

"कोनाले सांगू नोका, गुरुजी. घरातल्या पाच मानसाइचं एकेक टमरेल वाढलं तं रोजचा एक गुंड जास्त. थो केवढा भारी होते, मले पायचं होतं. आठ दिवस झाले, मान हालत नाई. पंचफुला पंधरा वर्सापासून आनून राह्यली, एक सबूद नाई बोलली. संडास केला तं तिचे गुडघे वाचतेत, पन मान मोडते. नाई केला तं मान वाचते, गुडघे जातेत. मी काय करू, सांगा."

तो उभा पॅसिंजर हाच होता. पाणी आणायचं कोणी? इतके दिवस रोज संध्याकाळी मी वासापासून पाहुण्यांपर्यंत वाद घातला, पण हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. माझ्या खोलीतला माठसुद्धा वहिनीच भरायच्या. मला स्वतःची लाज वाटली.

आम्ही घरी आलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊ डोक्यावर गुंड घेऊन तसेच थिजले.

"आठ दिवस झाले, दुपारी रांजनातलं पानी वाढून राह्यलं, मले काय समजत नाई?" वहिनी म्हणाल्या. आवाज करडा होता, पण डोळे भरले होते. "बसवा भांडं. जास्तीचा गुंड तुमचा. पन असा चोरून नाई. सकायी, साऱ्याइच्या संगं, माह्या मांगं या."

भाऊंचा हात सवयीने वर गेला. "थांब, पंचफुले. सिंग..."

वहिनींनी पुढे होऊन भाऊंच्या डोक्यावरच्या गुंडावर बोटाच्या पेरांनी ठोकलं. टण् टण्.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. वहिनींच्या मागे रांगेत दोन पुरुष होते. खाकीतले भाऊ, आणि त्यांच्या मागे माझा माठ घेऊन मी.