ऋण दहावरचा हापसा

वास्तव संख्या शिकवाव्यात तर प्रेमलाबाईंनीच! हे मी नाही म्हणत, सगळा मोखाडा तालुका म्हणतो. म्हणजे निदान मी म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही. बावीस वर्षं नववीला गणित शिकवतेय, चेष्टा नाही! माझ्या पोरांना झोपेतून उठवून विचारा, परिमेय कुठली आणि अपरिमेय कुठली, लगेच सांगतील. चुकीचं सांगतील, पण सांगतील.

याच तोऱ्यात मी मोखाड्याच्या शिक्षण परिषदेत उभी राहिले आणि बोलून बसले, "फळ्यावर संख्यारेषा कुणीही काढेल. मी जमिनीवर काढते! पोरं संख्या होऊन उभी राहतील!"

विस्तार अधिकारी तुळशीदास साहेबांनी डायरी उघडली. "बुधवारी येतो बघायला."

या, म्हटलं. घाबरते की काय!

पण खरं सांगू? मला साहेबांची पर्वा नव्हती. मला काळजी होती जिवाची. जिवा म्हणजे आमच्या गोदाचा बाप. भातकापणी आटपली की तो सगळं बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातो. गोदालाही या वर्षी नेणार होता. नववीची पोरगी, गणितात इतकी हुशार, आणि विटा थापणार? माझं डोकंच फिरलं.

"अरे, तुझी बहीण पोशी इथं आहे ना? तिच्याकडे ठेव गोदाला!"

"ठेवली आसती बाय. पण शाळंत पोरगी नक्की काय शिकते, त्ये आमाला कुठं दिसतं?"

"बुधवारी ये. दिसेल!"

आता आमची शाळा कुठे, ते ऐका. पोशेऱ्याच्या पुढे एका टेकाडाच्या मध्यावर. वर एक पाडा, खाली एक पाडा, मध्ये मातीचा रस्ता आणि त्यावर शाळेचं फाटक. संख्यारेषेसाठी देवानंच केलेली जागा! फाटकापाशी शून्य, वर धन संख्या, खाली ऋण.

मंगळवारी शाळा सुटल्यावर क्रीडादिनाची उरलेली फक्की काढली. गोदा म्हणाली, "बाई, दोरी आणू का मोजायला?"

"दोरी कशाला? माझं पाऊल म्हणजे मोजपट्टी!"

दहा पावलांना एक, असं धरून आखत सुटले. वर दहा आला थेट बाबल्याच्या अंगणासमोर. खाली ऋण दहा आला खालच्या पाड्याच्या हापशापाशी. एक आणि दोनच्या मध्ये वर्गमूळ दोनची खुंटी अंदाजानं ठोकली. प्रत्येक आकड्याला पुठ्ठ्याची पाटी लावली. कंबर मोडली, पण रेषा अशी देखणी की मीच दोनदा मागे वळून पाहिलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. आमच्याकडे रस्त्यावर पांढरी फक्की पडली की सरकारी योजना आली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!

बुधवारी सकाळी शाळेत येते तर काय, बाबल्या दहाच्या पाटीपुढे नारळ फोडतोय!

"बाबल्या, हे काय?"

"नळ आला ना बाय! शाळंपाशी टाकी, आमाला धा नळ. ह्यो बघा, ह्यो पाणी सोडायचा वॉल." तो वर्गमूळ दोनच्या खुंटीकडे बोट दाखवत होता. खुंटीला हळदकुंकू लागलं होतं! पाचच्या पाटीवर एक म्हातारी हंडा ठेवून जागा धरून बसली होती.

मी तोंड उघडणार तोच खालून कलकलाट आला. खालच्या पाड्याच्या बायका! पुढे कमू. कमूच्या कमरेवर हंडा आणि हातात माझी ऋण दहाची पाटी.

"बाय, ही आडवी रेघ कशाची?"

"अगं, ती ऋण... म्हणजे वजा."

"वजा! बघा गं, वरच्यांना धा देतात आणि आमचं धा काढून घेतात!"

"अगं, तुमच्याकडे हापसा एकच! त्यातून दहा कसे काढतील?"

"त्येच म्हंते मी! एक हाय तो पण जाणार!"

आता यावर काय बोलणार, कपाळ? मी ओरडून सांगितलं, हे गणित आहे, नळ नाही! कुणाचा विश्वास बसेना. बाबल्या म्हणाला, "गणित वहीत आसतं बाय. रस्त्याव कशाला येईल?" वरचे म्हणतात पाट्या पुसायच्या नाहीत, खालचे म्हणतात आत्ताच्या आत्ता पुसा. तेवढ्यात मोटारसायकलवरून साहेब उतरले. समोर दोन पाडे हमरीतुमरीवर, मध्ये मी, साडीवर फक्की.

"काय चाललंय बाई?"

"लोकसहभाग, साहेब!"

साहेबांनी डायरी काढली. शाळेच्या कुंपणापाशी जिवा हाताची घडी घालून उभा होता. गेलं सगळं! शाळेत काय शिकवतात ते आज त्याला चांगलंच दिसलं!

"केवलमूल्य म्हणजे काय, कोण सांगेल?" साहेबांनी विचारलं. आईबापांसमोर माझी पोरं एकमेकांना कोपरानं ढकलायला लागली. मग मागून आवाज आला, "मी सांगू?"

गोदा पुढे आली आणि शून्यावर उभी राहिली. साहेबांकडे पाहिलंच नाही, कमूकडे वळली.

"कमूमावशी, शाळेतून तुझ्या हापशाला जायला दहा. बाबल्याकाकाच्या अंगणात जायला पण दहा. वजा म्हणजे खालची दिशा, एवढंच. चालताना वजा पावलं कोण टाकतं का? शून्यापासून नुसतं अंतर बघायचं, ते केवलमूल्य. दोन्हीकडे दहाच!"

माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! मी जिवाकडे पाहिलं. शिकव अजून, गोदाला मनात म्हटलं, शिकव गं माझ्या वाघिणी!

"दोनीकडं सारकंच?" कमूनं हंडा खाली ठेवला. "मग मोजा!"

"मोजा की!" मी छातीठोकपणे म्हणाले. "आखणी माझी आहे!"

जिवानं खांद्यावरची दोरी काढली आणि मोजायला लागला. हापशापर्यंत भरल्या सात दोऱ्या. बाबल्याच्या अंगणापर्यंत सहा.

मेले!

"बघा! आमाला लांब टाकलं!" खालचा पाडा पुन्हा पेटला. साहेब माझ्याकडे बघतात, मी आभाळाकडे.

गोदा थोडी वर चढून गेली, वळून खाली चालत आली. तिचं लक्ष सगळं स्वतःच्या पायांकडे.

"केवलमूल्य बरोबर आहे," ती म्हणाली. "रेषा चुकली. बाईंनी पावलांनी मोजलंय. चढाला पाऊल आखूड पडतं, उताराला लांब."

आधी कमू हसली. मग बाबल्या. मग साहेबसुद्धा, डायरी तोंडापुढे धरून! मीच तेवढी हसले नाही. नंतर हसले, काय करणार!

मग गोदानं रेषा नव्यानं आखायला घेतली. अर्धी दोरी म्हणजे एक. दोन्ही पाडे कामाला लागले. बाबल्यानं फक्की धरली, कमूनं पाट्या रोवल्या. वर्गमूळ दोनसाठी गोदानं शून्यापासून एकपर्यंत एक बाजू धरली आणि एकवर तेवढीच दुसरी, काटकोनात. जिवा म्हणाला, "काटकोन मी लावतो. घराची चौकट बशिवताना आमी त्येच करतो." तिरकी दोरी ताणून तिनं रेषेवर फिरवली. टोक पडलं दीडच्या जरा अलीकडे. माझ्या खुंटीपासून चांगलं हातभर लांब!

या मापानं ऋण दहा हापशापर्यंत पोचलाच नाही. हापसा सुटला म्हणून कमू खूश. "पण नळ कधी?" तिनं साहेबांना विचारलंच. "मी शिक्षण खात्याचा," साहेब म्हणाले. "तरी लिवून न्या," कमू म्हणाली. त्यांनी लिहून नेलं.

माझ्या पाठाखाली त्यांचा शेरा आला, "पाठ उत्तम. रेषा विद्यार्थिनीने दुरुस्त केली." पहिले दोन शब्द मी सगळ्या तालुक्याला वाचून दाखवले.

कापणी झाली. जिवा भट्टीवर निघायच्या दिवशी शाळेत आला. एकटाच. हातात तीच दोरी, अर्धी कापलेली.

"अर्धी मला लागंल बाय. अर्धी तुमाला ठेवा, पावलाव भरवसा नको. आन् काय आडलं तर गोदाला इचारा. ती आता इथंच हाय, पोशीकडं."

विचारते की. वर्गात कुणी नसलं की.