बोर्डावर लटकलेला नवनाथ

पिवळा बिल्ला. दोन बोटं रुंद, वर भोक, खाली नाव.

बशीतला गुळाचा चहा.

तोंडाने कुणीच न वाजवलेली शिट्टी.

‘‘बावीस वर्षं आगीत घुसतोय. परतीची वाट दाखवायला मला प्लॅस्टिकचा तुकडा लागत नाही!’’

हे शेवटचं नवनाथचं. अग्निशमन ठाण्यातला सगळ्यात जुना फायरमन. रोज म्हणायचा. नव्या स्टेशन ऑफिसर उज्ज्वला मॅडमनी नियम लावला होता, की हवेचं सिलिंडर पाठीवर घेऊन धुरात शिरताना आपल्या नावाचा बिल्ला दारातल्या बोर्डावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. बिल्ला बोर्डावर, म्हणजे माणूस आत. जायचं जोडीने, यायचं जोडीने. नवनाथ बिल्ला टांगायचा, पण कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून.

तर दिंडोरी रोडला द्राक्षांच्या खोक्यांच्या गोदामाला आग लागली. नवनाथ आणि त्याचा जोडीदार मुबीन आत शिरले, पाण्याचा मारा केला, ज्वाळा बसल्या. पुठ्ठ्याचा धूर मात्र असा, की आपलाच हात उसना आणल्यासारखा वाटावा. नवनाथने मुबीनला पुढच्या दाराने बाहेर पिटाळलं. मागचं दार उघडून धूर मोकळा करतो आणि आलोच, म्हणाला.

मागचं दार उघडलं ते थेट गोदामाची राखण करणाऱ्या सिंधुबाईंच्या अंगणात. चुलीवर चहा उकळत होता. धूर पिठात जातो म्हणून बाईंनी आधी दार लावून घ्यायला लावलं, मग बशी पुढे केली. बावीस वर्षांत नवनाथने आगीला पाठ दाखवली नव्हती. चहाला कशी दाखवणार? वर बाईंनी विचारलं, भीती नाही का वाटत? झालं! त्याने आपल्या आगी पहिलीपासून सांगायला घेतल्या.

इकडे पुढच्या दारात मुबीनने स्वतःचा बिल्ला काढला. शेजारी नवनाथचा तसाच. जोडीला वायरलेस एकच, तोही मुबीनकडे. पाच मिनिटं. दहा. मॅडमनी बोर्डावर लिहिलेली आत शिरल्याची वेळ पाहिली. नवनाथची हवा आता संपायला आली असणार. मुबीनने तीनशे बार दाबाचं नवं, भरलेलं सिलिंडर चढवलं, बिल्ला पुन्हा टांगला आणि सुनील नावाच्या फायरमनला घेऊन परत आत शिरला.

सिलिंडरमध्ये पंचावन्न बार उरले की शिट्टी आपोआप वाजते. अर्थ एकच, निघा. सुनीलची वाजली, तो निघाला. मुबीनने त्याला दारापर्यंत आणून सोडलं आणि तो पुन्हा आत वळला.

दुसरी बशी आणि चौदावी आग संपवून नवनाथ गोदामाला वळसा घालून पुढे आला, तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मॅडम पाठमोऱ्या, वायरलेसला कान लावून.

‘‘कोण अडकलंय, मॅडम? मी जातो.’’

‘‘बिल्ला द्या,’’ मॅडम मागे न बघता म्हणाल्या.

माणूस मरतोय आणि ह्यांना बिल्ला हवाय! चिडून त्याने गळा चाचपला, खिसे चाचपले. मग बोर्डाकडे नजर गेली. तिथे तो स्वतःच लटकत होता.

मॅडम वळल्या. वायरलेस त्याच्या हातात दिला.

‘‘मुबीन, मी बाहेर आहे रे. नवनाथ. निघ.’’

आतून शिट्टी, आणि शिट्टीच्या मागे मुबीनची धाप. धुरात माणसाला कुणाच्याही आवाजाचे भास होतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘‘भाऊ, बिल्ला कुठंय?’’

‘‘बोर्डावर.’’

‘‘मग तुम्ही आतच. काढा तो.’’

नवनाथने काढला. मॅडमनी वायरलेसवर सांगितलं, ‘‘त्यांचा निघाला. आता फक्त तुझा राहिलाय.’’

मुबीन रांगत बाहेर आला. आधी बिल्ला काढला, मग तोंडावरचा मुखवटा. नवनाथकडे नीट पाहिलं.

‘‘भाऊ, मिशीला चहा लागलाय.’’

नवनाथने मिशी पुसली नाही. तो तळहातावरचा बिल्ला बघत राहिला. एवढासा तुकडा, पण तो बोर्डावर आहे तोवर कुणीतरी काळोखात गुडघ्यांवर आपल्याला शोधत राहतं. बावीस वर्षांत एवढं मोठं काही त्याने पाहिलं नव्हतं, आगसुद्धा नाही.

घरी त्याच्या बायकोने, चतुराबाईने, स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकलाय. चहा हवा असेल तर आधी बिल्ला तिथे. नवनाथ मुकाट्याने टांगतो.

मुबीन बाहेर आला तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये नऊ बार हवा होती.